लाल तारखा, काळ्या तारखा

दूरचित्रवाणीविषयी बोलायला मला आकाशवाणीनं बोलावलं आहे. थोरल्या भावानं धाकट्याची चौकशी करावी, तसा हा प्रकार झाला. आणि खरंच, १ एप्रिल १९७६ पर्यंत ही दोघं एकाच घरात नांदत होती. दूरदर्शन तोवर आकाशवाणीचाच एक विभाग होतं. मग वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. त्यामुळे आज मी जे बोलणार आहे ते घरातलंच बोलणं आहे असं समजून ऐकावं. कौतुक आहे आणि थोडी तक्रारही आहे. घरच्या माणसाबद्दल दोन्ही एकदमच निघतं.

आपल्या भिंतीवर जी दिनदर्शिका असते तिच्यात काही तारखा लाल असतात आणि बाकीच्या काळ्या. लाल तारखेला सुट्टी. त्या दिवशी दूरदर्शनवर विशेष कार्यक्रम असतो. दिवाळीला दिवाळीचा, नाताळला नाताळचा, ईदेला ईदचा. काळ्या तारखांना मात्र रोजचं असतं, म्हणजे शेतीचा कार्यक्रम, एखादा माहितीपट, कुणा चित्रकाराची किंवा गवयाची मुलाखत. माझं आजचं म्हणणं या दोन रंगांपुरतंच आहे. लाल तारखांनी मला पुष्कळ दिलं. पण माणसाची खरी ओळख होते ती काळ्या तारखांना, आणि त्याच दिवशी आपण एकमेकांना बोलवायला विसरतो.

थोडं मागे जाऊन पाहू. आपल्याकडे दूरचित्रवाणी आली ती १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत आणि तीही प्रयोग म्हणून. आठवड्यातून दोनदा, थोडाच वेळ. रोजचं प्रसारण सुरू व्हायला १९६५ साल उजाडलं. मुंबई केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. हे सगळं कशासाठी चाललं होतं, याचं उत्तर १९७५-७६ च्या एका प्रयोगात मिळतं. अमेरिकेचा उपग्रह वर्षभरासाठी मागून घेऊन सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत सामुदायिक दूरचित्रवाणी संच बसवले गेले. महाराष्ट्र त्या सहांत नव्हता. विषय होते शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन, मुलांचं शिक्षण. म्हणजे मूळ कल्पना रोजच्या जगण्याचीच होती. खेड्यातल्या माणसाला उद्या सकाळी उठून जे करायचं आहे, त्यात या डब्याचा काही उपयोग व्हावा, एवढाच हेतू होता.

आमच्या तालुक्याच्या गावी टीव्ही पोचला तो १९८० नंतर, मी हायस्कुलात असताना. अख्ख्या गल्लीत एकच संच होता, गुरुजींच्या घरी. लाकडी शटरचा. कौलांवर अँटेना, आणि वारा सुटला की पडद्यावर मुंग्या. मग गुरुजींचा थोरला मुलगा वर चढायचा आणि खालून आम्ही दहा-बाराजण ओरडायचो, ‘आलं, आलं... गेलं!’ आमच्याकडे दिसायचे ते मुख्यतः दिल्लीचे कार्यक्रम. मुंबईचे मराठी कार्यक्रम पाहायचे तर उन्हाळ्याच्या सुट्टीत कुर्ल्याला फुफीकडे जावं लागे. तिच्याकडे मी ‘आमची माती, आमची माणसं’ पाहिलं, ‘गजरा’ पाहिला, ‘ज्ञानदीप’ पाहिला. आणि ‘प्रतिभा आणि प्रतिमा’ लागला की फुफीची मुलं खेळायला पळायची, मी मात्र बसून राहायचो. छापील पुस्तकावर ज्यांचं नाव वाचलं ते लेखक चष्मा पुसतात, खोकतात, शब्द आठवला नाही तर थांबतात, हे मला तिथं दिसलं. कवी हा माणूस असतो आणि तो कुठल्याही वारी भेटू शकतो, ही माझ्यासाठी मोठीच बातमी होती.

आता लाल तारखांचं देणं सांगतो. ते खोटं नाही. आमच्या गावात चर्च नव्हतं. नाताळची मध्यरात्रीची प्रार्थना मी पहिल्यांदा पाहिली ती गुरुजींच्या ओटीवर बसून. पारशी लोकांचं नवं वर्ष असतं, हे मला टीव्हीनं सांगितलं. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लोटणारी माणसं आणि आषाढीला पंढरपुरातली पहाटेची पूजा माझ्या पिढीतल्या कितीतरी लोकांनी आधी पडद्यावर पाहिली आणि मग जमलं तसं प्रत्यक्ष. माझे अब्बा शिलाईचं काम करायचे. सण कुणाचाही असो, त्यांच्या मशीनला विसावा नसे. दिवाळीत परकर-पोलकी आणि ईदेला कुर्ते. त्यामुळे सण हा आपला आणि दुसऱ्याचा, असा फरक आमच्या घरात फारसा नव्हता. टीव्हीनं त्यात भरच घातली. शेजाऱ्याच्या घरात काय चाललं आहे ते दार ठोठावण्याआधी कळणं, ही लहान गोष्ट नाही. ज्या गावात सगळे एकाच जातीधर्माचे असतील तिथं तर तो एकच रस्ता होता. म्हणून सणांचे विशेष कार्यक्रम बंद करा, असं मी म्हणणार नाही.

माझी अडचण वेगळी आहे. ईदचा विशेष कार्यक्रम लागला की आम्ही सगळे उत्सुकतेनं बसायचो आणि पडद्यावर दिसायचे शेरवानी घातलेले, नवाबी उर्दू बोलणारे, झुंबराखाली बसलेले लोक. आमच्या घरात माझे आजोबा धोतर नेसायचे आणि डोक्याला फेटा बांधायचे. अम्मा इरकली लुगडं नेसायची. आम्ही घरात जी दखनी बोलायचो ती लखनौच्या माणसाला ऐकवली असती तर त्यानं कानावर हात ठेवले असते. आजोबा एकदा तो कार्यक्रम पाहून म्हणाले, ‘लोगां अच्छे हैं. पन अपनेमेंके नैं दिखते.’ म्हणजे आमच्याच सणाला, आमच्याविषयीच्या कार्यक्रमात, आम्ही पाहुणे होतो. कोकणातल्या खलाशाच्या घरची ईद, मिरजेची ईद, मालेगावच्या मागवाल्याची ईद यांचा एकमेकींना मेळ नाही. अर्ध्या तासात ते सगळं बसत नाही हे मलाही कळतं. पण एकच चित्र पुन्हा पुन्हा लागलं की पाहणाऱ्याला तेच खरं वाटू लागतं.

हे माझ्या स्वतःच्या वाट्यालाही आलं. काही वर्षांपूर्वी एका वाहिनीवरून फोन आला. वाहिनीचं नाव सांगत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट तीच राहते. पलीकडे एक तरुण, फार अदबीनं बोलणारा मुलगा होता.

‘सर, ईदनिमित्त अर्ध्या तासाचा कार्यक्रम करतोय. तुम्ही कविता वाचायच्या आणि आठवणी सांगायच्या.’

‘कुठल्या कविता वाचू?’

‘ईदेवरची एखादी असेल ना?’

‘ईदेवरची नाही. आडावरची आहे.’

तो थोडा थांबला. मग म्हणाला, ‘चालेल सर, तीही घेऊ. आणि येताना शेरवानी घालून याल का?’

माझ्याकडे शेरवानी नाही. लग्नातसुद्धा मी सफारी शिवली होती, आणि तीही अब्बांनीच बेतलेली. तसं सांगितलं. गेलो, रंगवून घेतलं, दिव्यांखाली बसलो. निवेदिका हुशार होती. तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘तुमचं मराठी इतकं छान कसं?’ मी म्हटलं, ‘शाळा मराठी, गल्ली मराठी, बी.ए. मराठी विषय घेऊन झालो. भांडतोही मराठीतच. आता छान आहे की नाही ते मराठीच्या प्राध्यापकांना विचारा.’ ती हसली. मग शिरखुर्मा आणि पुरणपोळी. ईदेला शिरखुर्मा शेजारी जायचा, होळीला पुरणपोळी यायची, ही आठवण सांगा म्हणाली. मी सांगितली. ती खरीच आहे. त्यानंतर आडावरची कविता वाचली. दुष्काळात आटलेला आमच्या वाड्यामागचा आड, त्यावरची ती कविता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

ईदेच्या दिवशी कार्यक्रम लागला. शिरखुर्मा होता, पुरणपोळी होती. आड गाळला होता. वेळेत बसला नसेल. अम्मा शेवटपर्यंत पडद्याकडे पाहत होती. संपल्यावर मला म्हणाली, ‘इत्ते दूर जाको शिरखुर्मा कैसा करते वो बताको आया क्या?’

श्रोतेहो, तुम्हाला हसू आलं असेल तर हसा. मीही हसलो होतो. पण रात्री झोप लागेना. त्या मुलानं किंवा त्या निवेदिकेनं माझा अपमान केला नव्हता. दोघंही चांगली होती. त्यांनी मला सन्मानानंच बोलावलं होतं. पण ज्या कामासाठी मी तीस वर्षं झिजलो ते गाळून, ज्यासाठी मी काहीच केलं नाही, म्हणजे ज्या घरात जन्माला आलो, तेवढंच त्यांनी ठेवलं होतं.

आणि हे एकट्या माझं नाही. जरा आठवून पाहा. दलित कवीचा फोन कधी वाजतो? चौदा एप्रिल आणि सहा डिसेंबरच्या आसपास. कवयित्रींचा आठ मार्चला. आदिवासी गायकाचा नऊ ऑगस्टला. शेतकरी कवीचा बैलपोळ्याला. सत्तावीस फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, मराठी कवी बोलावले जातात. त्या यादीत माझ्यासारख्याचं नाव असलंच तर नावामागे एक विशेषण चिकटवलेलं असतं. प्रत्येकाला एकेक डबा दिलेला आहे आणि वर्षातून एकदा त्या डब्याचं झाकण उघडतं.

असं सगळीकडे, नेहमीच झालं आहे का? नाही. आपल्या याच दूरदर्शननं याच्या उलटही करून दाखवलं आहे. १९८८ ते १९९० या काळात दर रविवारी सकाळी देशातले रस्ते ओस पडायचे, ते ‘महाभारत’ मालिकेमुळे. त्या मालिकेचे संवाद कुणी लिहिले? राही मासूम रझा यांनी. गाझीपूरच्या बाजूच्या गंगौली गावचा हा माणूस, ‘आधा गाव’ या कादंबरीचा लेखक. त्यांना कुणी ईदेपुरतं बोलावलं नव्हतं. ते दर रविवारी येत होते, आणि पितामह भीष्मांच्या तोंडचे शब्द कुणाच्या लेखणीतून उतरले आहेत याची आठवणही प्रेक्षकाला राहत नव्हती. मला तो सर्वांत मोठा मान वाटतो. लेखकाचं नाव विसरून लोक त्याच्या शब्दांवर रडावेत, याहून अधिक काय हवं?

त्याच १९८८ मध्ये गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका आली. नसीरुद्दीन शाह यांनी तो गालिब उभा केला, जगजित सिंग आणि चित्रा सिंग यांनी तो गायला. पुढे अली सरदार जाफरी यांची ‘कहकशां’ आली. हसरत मोहानी, जिगर, जोश, फिराक, मजाज, मखदूम हे कवी माणूस म्हणून कसे होते, त्यांचं घर, त्यांची गरिबी, त्यांचा तुरुंग, हे तिनं दाखवलं. या मालिका सणाच्या नव्हत्या. आठवड्याच्या ठरल्या दिवशी यायच्या. आमच्या तालुक्यातली, उर्दूचं एक अक्षर न येणारी पोरं त्यानंतर गालिबच्या नावानं चहाच्या टपरीवर वाद घालायची. एखाद्या मोठ्या दिवशी तासभराचा विशेष मुशायरा दाखवून हे झालं नसतं.

लाल तारखेला जन्मून काळ्या तारखांत मुरलेलं एक उदाहरणही आहे. ‘मिले सूर मेरा तुम्हारा’ पहिल्यांदा दाखवलं गेलं ते १५ ऑगस्ट १९८८ रोजी. शब्द पियूष पांडे यांचे, संगीत घडवण्यात आपले अशोक पत्की, सुरुवातीला पंडित भीमसेन जोशी. स्वातंत्र्यदिनासाठीचीच ती चित्रफीत. पण ती त्या दिवसापुरती ठेवली असती तर आज कुणाला आठवली असती? ती पुढे वर्षानुवर्षं दोन कार्यक्रमांच्या मधल्या फटीत लागत राहिली. बातम्यांच्या आधी, व्यत्ययाच्या नंतर, कुठल्याही मंगळवारी. म्हणून ती आमच्या हाडात गेली. एका दिवसाचा उपदेश विसरला जातो. रोज कानावर पडलेला सूर मात्र राहतो.

आता माहितीपटाकडे येतो. सणाच्या कार्यक्रमाला जे जमत नाही ते माहितीपटाला जमतं, कारण त्याला घाई नसते. आपल्या सरकारी फिल्म्स डिव्हिजननं १९४८ पासून हे काम केलं. सिनेमाच्या आधी त्यांच्या चित्रफिती सक्तीनं दाखवत आणि आपण त्या वेळात शेंगदाणे आणायला बाहेर जात असू, ते सोडा. त्याच संस्थेसाठी सत्यजित राय यांनी १९७२ साली ‘द इनर आय’ केला. शांतिनिकेतनातले चित्रकार विनोद बिहारी मुखर्जी यांच्यावरचा हा वीसेक मिनिटांचा माहितीपट. मुखर्जींची दृष्टी पन्नाशीत, एका शस्त्रक्रियेनंतर गेली आणि त्यानंतरही ते काम करत राहिले. चित्रकार आंधळा झाल्यावर त्याचे हात काय करतात, हे कॅमेरा शांतपणे पाहत राहतो. त्यात कुठला दिनविशेष नाही. पुढे गुलजार यांनी भीमसेनजींवर माहितीपट केला, तोही याच संस्थेसाठी.

उस्ताद बिस्मिल्ला खां यांचंच पाहा. त्यांची सनई म्हणजे लाल तारखेचा आवाज. १९४७ साली लाल किल्ल्यावर ती वाजली. स्वातंत्र्यदिन आणि त्यांची सनई हे समीकरणच होऊन बसलं. लग्न असो की उद्घाटन, त्यांची ध्वनिफीत लागायचीच. पण गौतम घोष यांनी १९८९ साली त्यांच्यावर माहितीपट केला तेव्हा सणापलीकडचे उस्ताद लोकांना भेटले. बनारस, तिथली गंगा, गप्पांत रंगलेला, सुरासाठी देवळाची पायरी आणि नमाजाची चटई यांत फरक न करणारा एक साधा माणूस. सनई आपण आधीही ऐकत होतो. ती फुंकणारा माणूस तेव्हा दिसला.

हे मी आपल्या महाराष्ट्रासाठी मागतो आहे. शाहीर अमर शेख बार्शीचे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांचा आवाज मैदानाच्या शेवटच्या टोकाला ध्वनिक्षेपकावाचून पोचायचा, असं जुनी माणसं सांगतात. ते १९६९ साली गेले. अण्णा भाऊ साठेही त्याच वर्षी गेले. मुंबईत टीव्ही आला १९७२ साली. तीन वर्षांची चुकामूक. तेव्हा कॅमेराच नव्हता, इलाज नव्हता. पण त्यानंतरच्या पन्नास वर्षांत गेलेल्या शाहिरांचं, सोंगाड्यांचं, गोंधळ्यांचं काय? कॅमेरा तर होता. सण दरवर्षी येतो, त्याचं चित्रण पुढच्या वर्षी करता येतं. माणूस पुढच्या वर्षी येईलच असं नाही.

एक विषय मी आयताच देतो. मिरजेचे सतारमेकर. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तेव्हा त्यांनी सतारी आणि तंबोरे घडवायला घेतले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. आता तंबोऱ्याचा भोपळा येतो कुठून? पंढरपूरच्या परिसरातल्या शेतांतून. म्हणजे भोपळा पिकतो विठोबाच्या शेजारी, त्याला आकार देतात मिरजेतले मुसलमान कारागीर आणि त्याच्यावर कुणी भैरवी आळवतं, कुणी अभंग म्हणतं. त्याच मिरजेत उस्ताद अब्दुल करीम खां राहिले आणि मीरासाहेबांच्या दर्ग्यात त्यांच्या आठवणीत अजून गाणं होतं. या विषयावर माहितीपट करताना ‘तुमचं मराठी इतकं छान कसं’ हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघणारच नाही. प्रश्न असेल तो भोपळा किती दिवस वाळवावा लागतो, जवारी कशी काढतात, पोरगा हे काम पुढे नेणार का. कामाविषयी विचारलं की माणूस आपोआप खुलतो. घर, धर्म, सणवार हे सगळं मग त्याच्या बोलण्यातून आपल्याला हवं तेवढं, खरं तेवढं येतंच.

१९९० या सालाची मला नेहमी आठवण होते. त्या वर्षी सोलापुरात पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. मी तेव्हा विशीतला पोरगा. आणि त्याच वर्षी पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते डॉ. यू. म. पठाण. सोलापूरचं संमेलन ही आमची लाल तारीख होती. आपला आवाज आपल्याला ऐकू यावा म्हणून ती गरजेची होती. पठाणसरांनी मात्र जन्मभर महानुभावांच्या पोथ्या आणि संतवाङ्मय अभ्यासलं. त्यांना ऐकायला कुणी ईदेची वाट पाहिली नाही. दोन्ही गोष्टी हव्यात. पण पहिलीनं दुसरीपर्यंत पोचवायला हवं. तिथंच अडवून ठेवता कामा नये.

जतन हाही प्रश्न आहेच. सुरुवातीच्या काळात टेप महाग होत्या. एक कार्यक्रम पुसून त्याच टेपवर दुसरा भरायचा, ही रीत जगभरच्या दूरचित्रवाणी केंद्रांत होती आणि आपणही तिला अपवाद नव्हतो. कितीतरी मुलाखती अशा गेल्या. जे वाचलं त्यातलं काही आता प्रसार भारती इंटरनेटवर आणते आहे, ही चांगली गोष्ट आहे. मार्च २०२० मध्ये सगळा देश घरात बसला तेव्हा ‘रामायण’, ‘महाभारत’ पुन्हा दाखवले गेले आणि नव्या पोरांनीही पाहिले. जुनं सोनं लोकांना हवं असतं, हे त्यातून दिसलं. २०२२ पर्यंत अँटेनावर येणारं जुन्या पद्धतीचं प्रक्षेपण देशात बहुतेक ठिकाणी थांबलं. गुरुजींच्या कौलांवरचा तो सांगाडा आता फक्त कावळ्यांच्या उपयोगाचा. पण महिन्याचं भाडं न घेणारी दूरदर्शनची छत्री अजून खेड्यापाड्यांत आहे, आणि फोन तर प्रत्येकाच्या हातात आहे. पोचवण्याची सोय कधी नव्हती इतकी झाली आहे.

खाजगी वाहिन्यांना मी दोष देणार नाही. त्यांच्या मालिकांतली कुटुंबं एकेक सण आठवडाभर साजरा करतात, कारण सणात साड्या, दागिने आणि जाहिराती असतात. त्यांचा धंदा आहे. पण सर्वांच्या पैशांवर चालणाऱ्या वाहिनीला काळ्या तारखा परवडल्या पाहिजेत. ती त्यासाठीच तर काढली आहे.

मागणी तरी काय, तर आठवड्यातून अर्धा तास. एक कॅमेरा, एक माणूस, त्याचं काम. दिनविशेष नको, विशेषण नको. मे महिन्यात आदिवासी चित्रकार, नोव्हेंबरात भारूड म्हणणारा म्हातारा, फेब्रुवारीतल्या कुठल्याही बुधवारी तांबट. ईदेला कुणा ब्राह्मण प्राध्यापकाला शेख महंमदांच्या ‘योगसंग्रामा’वर बोलू द्या, आणि गणेशोत्सवात सगनभाऊंच्या लावणीवर एखादा कार्यक्रम होऊ द्या. जेजुरीचा हा शाहीर मुसलमान होता हे शेवटी सांगा किंवा नाही सांगितलं तरी चालेल.

हे होऊ शकतं, कारण एकदा माझ्याच बाबतीत झालं. त्या ईदेनंतर दोनेक वर्षांनी, एका पावसाळ्यात, दुसऱ्या एका ठिकाणाहून बोलावणं आलं. पावसावरच्या आणि पाण्यावरच्या कविता, पाच कवी, वार बहुधा गुरुवार. कुणी शेरवानी विचारली नाही. पडद्याच्या तळाला नाव आणि गाव, एवढंच. मी आडाची कविता वाचली आणि ती पूर्ण दाखवली गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी एक फोन आला. सांगोल्याच्या बाजूचे एक शेतकरी होते. नंबर कुठून मिळवला देव जाणे. नाव-गाव विचारायच्या भानगडीत ते पडलेच नाहीत. थेट म्हणाले, ‘कवीसाहेब, त्यो आड हाय का अजून? पानी लागलं का त्याला?’

मी म्हटलं, ‘नाही हो. बुजवला. वर टाकी बांधली.’

ते जरा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘आमचाबी बुजवला.’

त्यानंतर आम्ही वीस मिनिटं बोलत होतो. बोअर किती फूट गेली, टँकर किती दिवसांनी येतो, पोरं पुण्याला कशी गेली. फोन ठेवताना त्यांनी जेवायला बोलावलं. कुठला सण नव्हता. ‘बाजाराच्या दिवशी या’ म्हणाले, ‘त्या दिवशी मी गावातच असतो.’

श्रोतेहो, तुमच्यापैकी ज्यांना हे पटलं असेल त्यांनी आपल्या केंद्राला एक पत्र जरूर लिहावं. कुणाला पाहायला, ऐकायला आवडेल ते नाव घालून लिहावं. आणि तारखेच्या जागी काही लिहू नये. ती जागा मोकळीच सोडावी.